रोजचा पंप, फोडणीचा ठसका आणि दमेकऱ्यांचे बाकीचे उद्योग

कातरवेळ
मंडळी, चाळिशीच्या तोंडावर मला दमा निघाला. लहानपणी कधी काही नव्हतं. सर्दी झाली की खोकला महिनाभर रेंगाळायचा आणि पहाटे ढास लागून जाग यायची, एवढंच. शेवटी स्पायरोमेट्री झाली. आधी फुंकून घेतलं, मग पंप देऊन थोड्या वेळाने परत फुंकून घेतलं. दुसऱ्या वेळी आकडा चांगलाच वर गेला, म्हणून दमा. आता सकाळ-संध्याकाळ ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप (स्टेरॉइड आणि श्वासनलिका सैल करणारं औषध एकत्र) चालू आहे.

औषध कोणतं घ्यावं यासाठी धागा काढलेला नाही, ते डॉक्टर बघतायत. मला रोजच्या जगण्याचं विचारायचंय. ठाण्याहून बीकेसीला जाते. वाटेत जिथे तिथे खोदकाम, ऑफिसात एसीचा झोत थेट मानेवर. घरी सासूबाई तिन्हीसांजेला धूप घालतात, त्यांना नको म्हणणं जड जातं. आणि मुख्य प्रश्न असा की त्रास नसताना रोजचा पंप लक्षात कसा ठेवता? धाप लागली की हात आपोआप जातो. महिनाभर छान गेला की रोज सकाळी मनात येतं, आज कशाला?

चिंचोका
स्वयंपाकघरापुरतं सांगते. तिखट कधीच गरम तेलात टाकू नका. मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब झालं की भाजी घाला, पाण्याचा हबका मारा आणि मग तिखट. रंग थोडा कमी येतो, पण सगळं घर खोकत बाहेर पळत नाही. चिमणी फोडणीच्या आधी लावायची. आपण सगळे ठसका लागल्यावर लावतो.

झारा
आमच्याकडे सासरे शेजारच्या खोलीत खोकले की भाजी जमली असं समजतात.

तिरपागडा
रोज स्टेरॉइड ओढायचं आणि वर लक्षात कसं ठेवू विचारायचं! ताई, राग मानू नका, पण एकदा पंप लागला की तो सुटत नाही. माझ्या काकांचा शेवटपर्यंत सुटला नाही. दही, केळं, भात रात्री बंद करा, रोज अर्धा तास अनुलोम-विलोम करा, कफ धरणारच नाही.

खडूस_अभियंता
तिरपागडा, तुमच्या काकांना पंप लागला म्हणून दमा झाला, की दमा होता म्हणून पंप लागला?

तिरपागडा
शब्दांचे खेळ तुम्ही करा. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

स्टेथो_विसरलो
मी छातीच्या आजारांचीच प्रॅक्टिस करतो, त्यामुळे हे ओपीडीत रोज ऐकतो. कातरवेळ, इथे कोणीही काहीही म्हणो (मीसुद्धा), तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांना विचारूनच बदला.

आधी मापाचं बघू. सालबुटामॉलच्या, म्हणजे धाप लागल्यावर घ्यायच्या निळ्या पंपातून एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध येतं. त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. ४ मिलिग्रॅम म्हणजे ४० फवारे! ती पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळीकडे जाते, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडतं. तरी लोक गोळी बिनघोर घेतात आणि पंपाला घाबरतात. स्टेरॉइडचंही तसंच. रोजच्या पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. तो टाळून जोराचा अटॅक आला की प्रेडनिसोलोन, म्हणजे पोटात घ्यायचं स्टेरॉइड, दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम असं पाच-सात दिवस द्यावं लागतं. स्टेरॉइडच्या भीतीने पंप सोडणाऱ्याच्या पोटात अशाने जास्त स्टेरॉइड जातं.

दुसरं म्हणजे, दम्यात श्वासनलिका आवळते ते आपल्याला जाणवतं, पण मुळात तिच्या आतल्या अस्तराला सूज असते. धाप नसली तरी ती सूज असू शकते. निळा पंप आवळलेली नळी सैल करतो, सुजेला हात लावत नाही. म्हणून तर २०१९ साली जिनाच्या, म्हणजे दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक गटाच्या, सूचना बदलल्या. मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या सालबुटामॉलवर ठेवू नका, सोबत श्वासातून स्टेरॉइड हवंच, असं तेव्हापासून सांगतात.

तोटे नाहीत असं मी म्हणणार नाही. घसा बसतो, तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, म्हणून प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंकायचं. मोठा डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं आणि मोतीबिंदू याकडे लक्ष ठेवावं लागतं. दोन-तीन महिने नीट गेले की आम्हीच डोस कमी करायला बघतो.

तिरपागडा
म्हणजे कमी करता येतो हे मान्य झालं.

स्टेथो_विसरलो
करता येतोच. फुंकून, मोजून, पायरीपायरीने. बरं वाटतंय म्हणून गुरुवारपासून बंद, त्याला कमी करणं म्हणत नाहीत. प्राणायाम जरूर करा, अनेकांना बरं वाटतं. पंपाच्या जागी नको, इतकंच. दही-केळ्याने खरंच त्रास होत असेल तर सोडा. सरसकट सगळ्या दमेकऱ्यांना उपाशी ठेवू नका.

उंबरठा
आमच्या लातूर-नांदेडकडून मृग लागला की हैदराबादला गाड्या भरून जातात. जिवंत मरळ माशाचं पिल्लू, त्याच्या तोंडात पिवळं औषध कोंबलेलं, ते तसंच घशात सोडतात. शाकाहारी माणसाला गुळातून. वडिलांनी घेतलंय. मासा घशातून वळवळत गेलेला अजून सांगतात, दम्याबद्दल विचारलं की विषय बदलतात. आता तिथे त्याला औषध न म्हणता प्रसाद म्हणतात म्हणे.

झारा
एवढ्या गर्दीत, जूनच्या उकाड्यात, रांगेत उभं राहून मासा गिळला त्या माणसाला दमा नव्हताच!

निळी_शाई
आमच्याकडे कोजागिरीला. रात्रभर चांदण्यात ठेवलेली खीर, त्यात औषध, आणि रात्रभर जागायचं. थंडीत उघड्यावर जागून दमेकऱ्याचं काय होत असेल ते चंद्रालाच माहीत.

उंबरठा
पण एक सांगू? हसणं सोपं आहे. वडील जायचे तेव्हा गावात छातीचा डॉक्टर नव्हता, आणि जो होता तो दर वेळी इंजेक्शन देऊन पाठवायचा. रोज पंप घ्यायचा असतो हे त्यांना साठी उलटल्यावर पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. मासा निदान दर वर्षी ठरलेल्या दिवशी मिळायचा.

स्टेथो_विसरलो
उंबरठा, शंभर टक्के. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत असा अंदाज आहे, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. उशिरा निदान आणि रोजचा पंप न घेणं ही त्यातली मोठी कारणं.

घाटमाथा
कोल्हापूरकडनं बोलतोय. पुस्तकात परागकण, धूळ असलं लिहितात, आमचा शत्रू म्हणजे पाचट. ऊस तुटला की रान पेटवतात. संध्याकाळी गावावर धुराचा थर बसतोय बघा. कणभर वारं नसतंय त्या टायमाला. मी त्या दिवसात दारं-खिडक्या लावून आत बसतो, बाहेर पडलो तर एन-९५ मास्क. रुमाल बांधून बारीक धूर अडत नाही. दुसरा शत्रू उन्हाळ्यात, मिरची डंकावर कुटायला नेणं. ते काम मी थोरल्या भावावर ढकललंय आणि आयुष्यभर ढकलणार.

पेरू_मीठ
पाचट न जाळता कुट्टी करून रानात ठेवता येतं ना? खतही होतं.

घाटमाथा
येतं की. यंत्राला पैसे आणि माणसाला येळ पाहिजे. माझ्या रानात मी ठेवतो, शेजारच्याला सांगितलं तर म्हणतो तुला दमा हाय म्हणून मी का खर्च करू. बरोबरच हाय त्याचं. पण धूर बांध बघत नाही.

दादरचा_पोपट
धूर सोडा, आमच्याकडे कबुतरं! २०२५ मध्ये कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? एसीच्या बाहेरच्या युनिटवर अंडी, खिडकीत विष्ठा. माझा दमा त्यानेच वाढतो यावर मी ठाम आहे.

स्टेथो_विसरलो
पिसं आणि वाळलेल्या विष्ठेने दमा चाळवू शकतो. पण कबुतरांमुळे एक वेगळाच आजारही होतो, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. त्यात श्वासनलिका नव्हे, फुप्फुसाचा मऊ भागच सुजतो आणि पुढे कडक होत जातो. कोरडा खोकला, चढताना वाढत जाणारी धाप, पंपाने फारसा फरक नाही, असं असेल तर दमा समजून बसू नका, तपासून घ्या. आणि विष्ठा कोरडी खरवडू नका. मास्क लावून, ओली करून मगच काढा.

सुपारी_फुटली
आम्ही रत्नागिरीकर. आमचा सीझन जून ते सप्टेंबर. भिंतीला ओल, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, कपाट उघडलं की तो ठरावीक वास आणि लगेच शिंका. उपाय फार नाहीत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, ऊन पडलं की गाद्या अंगणात, आणि पावसाळाभर जाड गोधड्या माळ्यावर बांधून. हे सगळं केलं तरी श्रावणात एकदा तरी शिट्टी वाजतेच.

विचारायचं होतं: कॅप्सूल घालून ओढायचं जे यंत्र आहे त्यातली पूड पावसाळ्यात चिकटते का? ओढल्यावर अर्धी तशीच राहिलेली दिसते.

स्टेथो_विसरलो
चिकटते. कॅप्सूल पाकिटातून आयत्या वेळी काढा, हात कोरडे हवेत, यंत्रात फुंकर मारू नका. पूड उरली तर परत ओढा. ते यंत्र जोरात आणि खोल ओढावं लागतं. फवाऱ्याच्या पंपाचं उलट: हळू आणि लांब श्वास, मग दहा आकडे रोखायचा. लोक बरोबर उलटं करतात.

मेलबर्नची_माई
पावसाचा विषय निघालाच आहे तर. इकडे २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ आलं आणि काही तासांत हजारो लोक धापा टाकत इस्पितळांत पोचले. दहा जण दगावले. हवेत राय गवताचे पराग भरून होते, वादळात ते ओले होऊन फुटले, आणि एरवी नाकातच अडकणारे कण इतके बारीक झाले की थेट छातीत उतरले. आधी दमा नव्हता, नुसत्या वसंतात शिंका यायच्या, अशा पुष्कळांना त्या दिवशी पहिल्यांदा त्रास झाला. आता दर वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर रोज त्याचा अंदाज जाहीर होतो. धोका जास्त असला की आम्ही वादळाच्या आधी आत येतो, खिडक्या बंद, बाहेरची हवा खेचणारा एसी बंद.

इथे शाळांतून आणखी एक गोष्ट पाठ करून घेतात. अटॅक आला की सरळ बसवायचं. सालबुटामॉलचा एक फवारा स्पेसरमध्ये (पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या पोकळ नळकांड्यात), त्यातून चार श्वास, असे चार फवारे. चार मिनिटं थांबायचं, फरक नाही तर परत चार. तरी नाही तर अँब्युलन्स. माझी नात पाच वर्षांची असताना हे घडाघडा म्हणायची.

निळी_शाई
हे प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय. आपल्याकडे १०८.

स्टेथो_विसरलो
माईंनी लिहिलेलं छान. भर एवढीच: वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत जात असेल तर चार मिनिटांचीही वाट बघू नका. १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवा. आडवं झोपवू नका. आणि पातेल्यातली वाफ देत बसू नका, त्याने श्वासनलिका सैल होत नाही, भाजण्याचा धोका मात्र खरा.

खडूस_अभियंता
आकड्यांचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. पीक फ्लो मीटर घ्या. प्लास्टिकची नळी, जोरात फुंकायचं, काटा सरकतो. माझा सगळ्यात चांगला आकडा ५२०. त्याचे ८० टक्के म्हणजे ४१६, त्याच्या वर हिरवा पट्टा. २६० ते ४१६ पिवळा, २६० च्या खाली लाल, म्हणजे थेट हॉस्पिटल. पिवळ्यात काय करायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय. सकाळ-संध्याकाळ एक्सेलमध्ये भरतो. सर्दी मला जाणवायच्या आधी आलेख घसरतो.

झारा
वहिनींना साष्टांग.

खडूस_अभियंता
तीच भरते आकडे. माझ्यावर विश्वास नाही, मी गोल करून लिहितो म्हणे.

पेरू_मीठ
मुलांच्या बाबतीत एक विचारायचंय. लेकाला (वय ७) मॉन्टेलुकास्टची गोळी सुरू केल्यापासून रात्री किंचाळून उठतो, चिडचिड प्रचंड. नवरा म्हणतो शाळेचं टेन्शन. योगायोग असेल का?

स्टेथो_विसरलो
योगायोग असेलही, पण आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. मॉन्टेलुकास्टने वाईट स्वप्नं, चिडचिड, मूड बिघडणं असे परिणाम काही जणांत होतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, त्यावर सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. सगळ्यांना होत नाही. पण गोळी सुरू केल्यावर वागणं बदललं असेल तर ते सांगायलाच हवं.

भरतकाम
औषधांवरून आठवलं. आईचा दमा वर्षानुवर्षं शांत होता, अचानक उसळला. धूळ, धूप, मांजर, सगळं शोधून झालं. शेवटी नव्या डॉक्टरांनी सगळी औषधं पिशवीतून टेबलावर ओतायला सांगितली. त्यात काचबिंदूचे थेंब निघाले, टिमोलॉल. डोळ्यात घातलेला थेंब छातीत काय करणार असं आम्हाला वाटलं. थेंब बदलले आणि आई पंधरवड्यात जिने चढायला लागली.

स्टेथो_विसरलो
मस्त पकडलं त्यांनी. टिमोलॉल बीटा-ब्लॉकर आहे, म्हणजे दमेकऱ्याची श्वासनलिका आवळू शकणारं औषध, आणि ते डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात जातं. बीपीसाठी किंवा हात थरथरतात म्हणून दिलेलं प्रोप्रॅनोलॉल त्याच जातीचं. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही अटॅक येतो. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, दाताच्या का होईना, की बसल्या बसल्या दमा आहे म्हणून सांगून टाका.

निळी_शाई
दिवाळीला सगळे फटाक्यांच्या नावाने बोटं मोडतात. माझा अटॅक त्याआधी, माळा साफ करताना येतो! गेल्या वर्षीचे आकाशकंदील, पितळी भांडी, जुनी वर्तमानपत्रं. आता नियम केलाय: साफसफाईच्या दिवशी मी माहेरी. झाडू नाही, ओलं फडकं. उशांचे अभ्रे, चादरी आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात, धुळीतले ते डोळ्यांना न दिसणारे माइट्स त्यानेच मरतात.

झारा
दमा नसलेल्यांनाही ही सवलत मिळते का? माहेरची?

चिंचोका
धुपाबद्दल कोणी लिहिलंच नाही. त्यापेक्षा वाईट डासांची कॉइल. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. आम्ही कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली. धूप आजी अंगणात तुळशीपाशी घालते. देवाला काही फरक पडला नाही.

तिरपागडा
श्रावणी सोमवारी पंप घेतला तर उपास मोडतो का हो? (खरंच विचारतोय, बायकोला हल्ली घरघर आहे, ती उपासाला घेत नाही.)

स्टेथो_विसरलो
तिरपागडा, वहिनींना पंप आहे हे आत्ता सांगताय? पंप पोटात घालायचा नाही, छातीत. साबुदाण्याची खिचडी चालते तिथे हा नक्की चालेल.

तिरपागडा
डॉक्टरांनी दिलाय. मी घेऊ नको म्हणत होतो. दाखवतो परत नेऊन. विषय संपला.

कातरवेळ
बापरे, किती प्रतिसाद! धूप अंगणात हा तोडगा चिंचोकाताईंचा, आमच्याकडे अंगण नाही, पण गॅलरी आहे. सासूबाईंशी बोलले. त्यांना म्हटलं, बीपी नॉर्मल आलं की तुम्ही गोळी बंद करता का? त्या म्हणाल्या, गोळीमुळेच तर नॉर्मल येतं. मी काहीच बोलले नाही. त्याच पुढे म्हणाल्या, बरं बरं, कळलं.

पण माझा मुख्य प्रश्न राहिलाच. पंप ठेवता कुठे?

भरतकाम
ब्रशच्या मगात. नाहीतरी नंतर चूळ भरायचीच असते. आधी पंप, मग ब्रश.

सुपारी_फुटली
कोकणात बाथरूममध्ये नको! कॅप्सूलवाल्यांनी तर मुळीच नको. बेसिन बाहेर असेल तर ठीक.

खडूस_अभियंता
मोबाइलचा गजर मी आठवड्यात दुर्लक्षून टाकायला शिकलो. चहाच्या डब्यावर ठेवल्यापासून चुकत नाही, कारण डबा उघडायला पंप उचलावाच लागतो. मग पंप, चूळ, चहा. शिवाय किती फवारे उरलेत तो आकडा बघा. आकडा नसलेला पंप असेल तर सुरू केल्याची तारीख मार्करने लिहा. पाण्यात तरंगवून बघणं बिनकामाचं. औषध संपल्यावरही तो नुसता वायू फुसफुसत राहतो, आपल्याला वाटतं चालू आहे.

घाटमाथा
आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. दाबाखालचा डबा हाय तो.

मेलबर्नची_माई
एक पर्समध्ये, एक घरी. विमानात हातातल्या बॅगेत, सामानात कधीच नाही.

कातरवेळ
चहाचा डबा! हे जमेल. चहा मी कधीच विसरले नाहीये. ऑफिसात जागा बदलून घेतली, आता एसीचा झोत मॅनेजरच्या मानेवर. नवीन स्पेसर आणलाय, तो कसा धुवायचा?

स्टेथो_विसरलो
वापरायच्या आधी एकदा, मग महिन्यातून एकदा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. आतून फडक्याने पुसू नका. घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं.

झारा
आमच्या घरात न पुसता ठेवलेली वस्तू सासूबाई पाच मिनिटांत पुसतात. वर चिठ्ठी लावा.